वेन्देलचं रक्त, एतेल्काची बोटं

“हंसाच्या पोटात काय चाललंय ते हंसाला कळत नाही, मला कळतं,” असं एतेल्का नेनी एकदा म्हणाली होती; नेनी म्हणजे आपण वडीलधाऱ्या बाईला मावशी म्हणावं तसं.

बुडापेश्टहून एक मुलगी आली होती तेव्हा. गळ्यात कॅमेरा, पायात पांढरे बूट. असं कोंबून खायला घातल्यावर हंसांना त्रास होत नाही का, असं तिनं विचारलं. एतेल्का नेनीनं मांडीतला हंस सोडला नाही, मानही वर केली नाही. ते एक वाक्य बोलली आणि भिजवलेल्या मक्याचा पुढचा घास नरसाळ्यातून त्याच्या नरड्यात सोडला. इबोया त्या दिवशी हंसाच्या चरबीचा डबा घ्यायला गेली होती म्हणून तिच्या कानावर पडलं. त्या बोलण्यात फुशारकी नव्हती. विहीर चर्चच्या डावीकडे आहे असं कुणी वाटसरूला सांगावं, तसं ते सांगणं होतं.

इबोया होमोकरेव गावच्या दवाखान्यात नर्स आहे. एकवीस वर्षं झाली. दर मंगळवारी सकाळी सात ते साडेआठ ती गावाचं रक्त काढते. माणसं उपाशीपोटी येतात, बाही वर करतात, भिंतीकडे बघतात. नळ्या पेटीत जातात, साडेनऊला जिल्ह्याच्या प्रयोगशाळेची गाडी पेटी घेऊन जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे येतात. गावातली निम्मी माणसं तिला चेहऱ्याआधी शिरांवरून आठवतात. कुणाची शीर सरकते, कुणाची खोल आहे, कुणाची दोरीसारखी वर आलेली. एतेल्का नेनीच्या नवऱ्याची, म्हणजे वेन्देल बाचीची, वेन्देलकाकांची शीर कोपराच्या आत, चरबीखाली बुडालेली असायची. ती डोळ्यांनी दिसत नसे, बोटानं चाचपून शोधावी लागे.

एतेल्का नेनीची शीर मात्र तिनं कधीच पाहिली नाही. “माझं रक्त माझ्यापाशी बरं आहे,” ती म्हणायची. हात पाहिले होते. सत्तरीला टेकलेल्या बाईचे हात, पण कातडी एखाद्या पोरीसारखी तुकतुकीत. साठ वर्षांची चरबी मुरलेली. नखं मुळापासून कापलेली. उजव्या हाताची तर्जनी जराशी वाकलेली, कारण हंसाची चोच उघडून धरायचं काम तिच्याकडे.

अकरा वर्षांची असताना आईनं तिला बुटक्या स्टुलावर बसवलं आणि मांडीत हंस दिला. आधी आईच्या अंगणात, मग सहकारी शेतीच्या लांबलचक गोठ्यात, आणि सहकार मोडल्यावर स्वतःच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एका खेपेला साठ हंस. शेवटच्या आठवड्यात दिवसातून चार वेळा दाणा. मग ती एकेकाला उचलायची आणि छातीच्या हाडाखाली दोन बोटं घालायची. क्षणभर डोळे मिटायची. “हा उद्या. हा परवा. ह्याला अजून दोन दिवस.” चरबीनं फुगलेल्या लिव्हरसाठीच हंस घेणारा व्यापारी ती म्हणेल त्या दिवशी गाडी पाठवायचा. लिव्हर घट्ट लागलं तर पहिल्या प्रतीचं. बोटाखाली दबून तेल सोडणारं तिसऱ्या प्रतीचं. तिच्या शेडमधून तिसऱ्या प्रतीचं फारसं कधी गेलं नाही.

नवरा वेन्देल, चौतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. पहाटेपासून गाडीवर असल्यामुळे दारूला त्यानं कधी तोंड लावलं नाही, पुढे निवृत्त झाल्यावरही नाही. पण गोड शीतपेय, खसखशीचं सारण भरलेली गुंडाळी, कांदा घालून चरबी फासलेला पाव, ह्यांना त्यानं कधी नाही म्हटलं नाही. “तीन गावांत मिळून हे एवढं एकच पोट आहे,” तो दवाखान्यात वजनकाट्यावर उभं राहताना म्हणायचा, “ते सांभाळायची जबाबदारी माझ्यावर आलीय.” पन्नाशीत साखरेचं दुखणं लागलं. तो गोळ्या घेत होता, आणि गोळ्या घेतो म्हणून गुंडाळीही घेत होता.

फेब्रुवारीत साखरेच्या तपासणीबरोबर डॉक्टर हालमोशनी लिव्हरचीही तपासणी लिहिली. हे डॉक्टर तीन गावं बघतात, मंगळवारी आणि शुक्रवारी होमोकरेवला असतात. चाळिशीचे, नेहमी जरा ओणवे. जीपीटी नावाचा आकडा चाळीसच्या आत हवा. वेन्देलचा ब्याण्णव आला. जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्ये चरबी.

तो कागद घेऊन दोघं आली तेव्हा इबोया खोलीतच होती.

“वजन उतरवायचं,” डॉक्टर म्हणाले. “पण हळूहळू. आठवड्याला अर्धा किलो, त्याहून जास्त नको. चालायला जायचं. आणि लिव्हर किती कडक झालंय ते मोजायचं एक मशीन शहरात आहे, त्याच्या यादीत नाव घालतो. नंबर लागायला बहुतेक हिवाळा उजाडेल.”

“चरबी चढलीय, एवढंच ना?” एतेल्का नेनीनं विचारलं.

“आत्ता दिसतंय ते एवढंच. पण—”

“मग उतरते ती,” ती म्हणाली. नवऱ्याकडे वळली. “ऊठ. कोट घाल.”

डॉक्टर इबोयाकडे बघून हसले. इबोयाही हसली. ते हसू पुढे कितीतरी दिवस तिला नकोसं व्हायचं होतं.

एतेल्का नेनीनं ते हवेत म्हटलेलं नव्हतं. तिच्याकडे पुरावा होता. काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात सगळ्या मैदानी मुलखात पक्ष्यांची साथ आली होती. शेजारच्या गावांतले हंस मारून खड्ड्यांत पुरले. तिच्या शेडपर्यंत रोग आला नाही, पण वाहतूक बंद झाली. भरत आलेले साठ हंस, आणि न्यायला गाडी नाही. तिनं नळी बाजूला ठेवली आणि त्यांना मूठमूठ दाण्यावर, गवतावर, पाण्यावर सोडून दिलं. महिन्याभरानं रस्ते उघडले तेव्हा एक हंस कापून पाहिला. फिकट पिवळा, दोन हातांत न मावणारा तो गोळा कुठच्या कुठे गेला होता. आत होतं लहानसं, गडद तांबडं लिव्हर, रानातल्या पक्ष्याचं असावं तसं. बुडालेल्या कमाईचं दुःख करता करता ती त्याकडे बराच वेळ बघत राहिली होती. हे तिनं इबोयाला स्वतः सांगितलं. “शरीर विसरून जातं गं. घालायचं थांबलं की विसरतं.”

तिनं वेन्देलला घालायचं थांबवलं.

सकाळी बिनसाखरेचा चहा. दुपारी गाजर घातलेलं पातळ सूप आणि पावाची एक चकती. संध्याकाळी पेलाभर ताक. रविवारी उकडलेली कोबी. मार्च, एप्रिल, मे. मक्याची पोती तोलायचा काटा शेडच्या दाराशी होता. दर रविवारी चर्चमधून आल्यावर वेन्देलनं त्यावर उभं राहायचं. एकशे अठरा. एकशे बारा. एकशे सात.

मे महिन्यात इबोया त्याची साखर बघायला घरी गेली. तो स्वयंपाकघरात खिडकीपाशी बसला होता. चेहऱ्यावरची कातडी दुसऱ्या कुणाचीतरी उसनी आणल्यासारखी लोंबत होती.

“ये इबोया. साक्षीला ये,” तो म्हणाला. “ह्या बाईनं जन्मभर परक्या हंसांना बळजबरीनं खायला घातलं, आणि घरच्या नवऱ्याला पाणी दाखवतेय.”

“हंसांनी कधी तक्रार केली नाही,” एतेल्का भांडी पुसत म्हणाली.

“त्यांच्या तोंडात नळी होती.”

“तुझ्या तोंडात नाही म्हणून ही वटवट ऐकावी लागतेय.”

“बघ, मी मेलो तर कागदावर लिही, इबोया. भुकेनं मेला, बायको हंसवाली होती.”

एतेल्का नेनी हसली नाही. हात पुसून आली. “शर्ट वर कर,” म्हणाली. तो मुकाट्यानं मागे रेलला. तिनं उजव्या बरगड्यांच्या कडेखाली दोन बोटं घातली आणि म्हणाली, “श्वास घे.” डोळे मिटले. इबोयानं डॉक्टरांना असं तपासताना हजारदा पाहिलं होतं, पण कुणाच्या चेहऱ्यावर इतकं लक्ष कधी पाहिलं नव्हतं.

“फेब्रुवारीत इथपर्यंत होतं,” एतेल्कानं बरगडीखाली दोन बोटांची रुंदी दाखवली. “आता आत चाललंय. बघ तू.”

इबोयानं बघितलं नाही. ते तिचं काम नव्हतं.

“डॉक्टर म्हणाले होते, हळूहळू,” ती एवढंच म्हणाली.

“डॉक्टरांनी किती लिव्हरं हातात घेतलीत?”

इबोयानं साखर मोजायचं मशीन पिशवीत टाकलं. आणि खरं सांगायचं तर त्या घरातली ती शांतता, ती शिस्त, तिला आवडलीही होती. तिच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं माणसं आकडे घेऊन घरी जातात आणि आहे तेच खात राहतात. इथे कुणीतरी आकड्याचं ऐकत होतं.

जूनमधल्या दुसऱ्या मंगळवारी तिनं वेन्देलचं रक्त काढलं. शीर आता सहज सापडली. बुधवारी कागद आला. जीपीटी अठ्ठेचाळीस. जवळपास निम्मं. डॉक्टर त्या आठवड्यात मुलांना घेऊन तलावावर गेले होते. एतेल्का नेनी कागद न्यायला स्वतः आली, डोक्याला रुमाल, अंगाला मक्याच्या पिठाचा वास. निकाल वाचून दाखवायचा अधिकार नर्सला नाही. कागद द्यायचा, बाकी डॉक्टरांनी सांगायचं. पण इबोयाला लोकांना चांगलं काही सांगायची संधी महिन्यातून एखाददा मिळते.

“ब्याण्णवचे अठ्ठेचाळीस झाले, नेनी,” ती म्हणाली. “निम्मे.”

एतेल्का नेनीनं कागद लांब धरला. “म्हणजे उतरतंय.”

“उतरतंय. चालू ठेवा.”

बस, दोन शब्द. चालू ठेवा.

त्या कागदावर खाली प्लेटलेटचा, रक्त गोठवणाऱ्या पेशींचा आकडा होता, एकशे एक्कावन्न. दीडशेच्या खाली गेला तरच मशीन समोर बाण छापतं. एकानं वर होता, म्हणून बाण नव्हता. फेब्रुवारीत तो एकशे अडुसष्ट होता. इबोयाची नजर त्यावरून गेली होती का, हे ती पुढे पुष्कळ आठवून पाहायची. गेली असेल. बाण नसलेल्या आकड्यांवरून नजर जाते तशी.

उन्हाळाभर सूप चालू राहिलं. ऑगस्टमध्ये वेन्देल ब्याण्णव किलोवर आला. पण मांड्या गेल्या. स्टुलावरून उठताना हातांवर भार द्यायचा. दुपारी झोपायचा, संध्याकाळी पुन्हा झोपायचा, आणि रात्री जागा. त्याचे विनोद कमी झाले, त्याहून वाईट म्हणजे अर्ध्यावर थांबू लागले. हातांवर निळसर डाग उमटायचे. “कुठे आपटलं?” विचारलं तर त्यालाच आठवायचं नाही.

“चरबी उतरताना माणूस मऊ पडतो,” एतेल्का नेनी म्हणायची. “आतलं बघायचं. आतलं घट्ट होत चाललंय.”

तिला ते बोटांना लागत होतं. लहान झालेलं, बरगडीच्या मागे सरकलेलं, आणि श्वास घेताना खाली आलं की कडक. तिच्या उभ्या आयुष्यात कडक म्हणजे उत्तम. ती रविवारी तो कडकपणा चाचपायची आणि तिचा चेहरा निवायचा.

सप्टेंबरात इबोयानं सुई काढली आणि कापूस दाबला. दोन मिनिटांनी उचलला तर रक्त आलंच. पाच मिनिटांनीही. वेन्देल कापसाकडे बघत होता. त्याच्या मागे बाकावर चार माणसं थांबलेली. ती कापूस दाबून धरत राहिली.

बुधवारी आकडे आले. जीपीटी चौतीस. निरोगी माणसाचा असावा तसा. पण त्याचा जोडीदार, जीओटी, चोपन्नवरच होता, जवळजवळ हललाच नव्हता. आणि प्लेटलेट एकशे एकवीस, समोर खाली तोंड केलेला बाण.

डॉक्टर हालमोश त्या शुक्रवारी कागदाकडे बघत बसले. मग खणातून कॅल्क्युलेटर काढला.

“इबोया, वेन्देल किती वर्षांचा?”

“सहासष्ट.”

ते पुटपुटत हिशेब करत राहिले. वय गुणिले जीओटी. त्याला भागायचं प्लेटलेटनं, आणि पुन्हा जीपीटीच्या वर्गमूळानं. साधा हिशेब, शाळेतलं पोर करील. लिव्हरमध्ये जुन्या जखमेसारखा टणक व्रण धरलाय का, ह्याचा अंदाज त्यातून येतो. प्रयोगशाळा तो छापून देत नाही. ज्याला आठवेल त्यानं करायचा.

“पाचाच्या वर,” ते म्हणाले. “दोनच्या आत हवा.” त्यांनी आकड्याखाली रेघ ओढली. “फेब्रुवारीचा कागद काढ.”

फेब्रुवारीचा हिशेब दोन पूर्णांक अडतीस शतांश आला. मधला. चांगला नाही, वाईटही नाही, पुढे बघा असं सांगणारा. “तेव्हाच करायला हवा होता मी,” डॉक्टर कागदाशी बोलल्यासारखे म्हणाले. ते जूनबद्दल काही बोलले नाहीत. जूनचा कागद त्यांच्या सुटीत आला होता, तो त्यांनी पाहिलाच नव्हता.

ते गेल्यावर, दवाखान्याचं दार लावायच्या आधी, इबोयानं जूनचा कागद काढून स्वतः हिशेब केला. साडेतीनला थोडं कमी. तिनं पुन्हा केला. मग ती त्या अपूर्णांकाकडे बघत बसली. जो आकडा उतरला म्हणून तिनं एतेल्काला शाबासकी दिली होती, तो रेषेच्या खाली बसला होता. खालचा लहान होत गेला तसं उत्तर वाढत गेलं. लिव्हर शांत झालं होतं, कारण त्यात ओरडायला फारसं काही उरलं नव्हतं.

शहरातल्या मशीनचा नंबर अजून लागला नव्हता, म्हणून आणखी एकदा रक्त घ्यायचं ठरलं. ही तपासणी इथे होत नाही, रक्त शहरात पाठवावं लागतं. व्रण धरताना शरीर ज्या मालानं तो विणतं, तो माल रक्तात किती फिरतोय ते त्यात मोजतात. वेन्देल बाही वर करून बसला.

“अजून हवंय?” तो म्हणाला. “जेवायला काही देत नाही, आणि आहे ते काढून घेता.”

इबोयाला हसायला हवं होतं. ती नळ्या हलवत राहिली.

निकाल यायला पाच आठवडे लागले. त्या पाच आठवड्यांत ती एतेल्काच्या घरी तीनदा गेली, आणि तीनदा साखर मोजून परत आली. थोडं खायला घाला, असं सांगावंसं वाटलं. सांगितलंही एकदा, दारातून निघताना, घाईघाईत. “एखादं अंडं देत जा, नेनी.”

“तूच म्हणालीस चालू ठेवा,” एतेल्का म्हणाली. रागानं नव्हे. तिला खरंच कळलं नव्हतं. “आणि आता तर चौतीस आहे. आता का मोडू?”

इबोया काय सांगणार होती? निकाल आलेला नाही, आणि तो येईपर्यंत डॉक्टरही काही सांगणार नव्हते. डॉक्टरांच्या आधी आपण सांगितलं म्हणूनच तर हे झालं. ती सायकलवर बसली आणि वाळूच्या रस्त्यानं चाक रुतवत घरी आली.

नोव्हेंबरात संत मार्टिनाचा दिवस आला. त्या दिवशी जो हंस खात नाही तो वर्षभर उपाशी राहतो, असं त्या मुलखात म्हणतात. गावातल्या प्रत्येक घरातून भाजलेल्या हंसाचा वास येत होता, आणि त्यातल्या पुष्कळ घरांतले हंस एतेल्का नेनीच्या शेडमधले. वेन्देलपुढे त्या दिवशी सूप आलं. त्यात मांसाचा एक तुकडा होता. त्यानं तो चमच्यानं कडेला सारला. भूक मेली होती. हे दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या त्यानंच सांगितलं. दवाखान्यात चार-पाच जण होते, कोट काढलेले, काल काय काय खाल्लं ते एकमेकांना सांगत.

“तुला तर वर्षभर उपाशी राहायचा परवाना मिळाला, वेन्देल,” कुणीतरी म्हणालं.

“परवाना मार्चपासूनच आहे. काल नूतनीकरण झालं.”

सगळे हसले. इबोयानं दारातून नाव पुकारलं तेव्हा वेन्देल उठला नाही. “हिला जाऊ दे,” शेजारी बसलेल्या बायकोकडे बोट करून म्हणाला. “माझं लिव्हर हिच्या ताब्यात आहे. मला ते सांगून उपयोग नाही.”

एतेल्का नेनी आत आली. रविवारचा काळा कोट घातला होता, रुमाल धुतलेला. खुर्चीच्या कडेवर बसली. डॉक्टर हालमोशनी कागद तिच्याकडे वळवला, मग तिला त्यातलं काही कळणार नाही हे लक्षात येऊन परत आपल्याकडे घेतला.

“एतेल्का नेनी, ही शेवटची तपासणी वेगळी होती,” ते म्हणाले. “लिव्हरमध्ये चरबी किती ते ही सांगत नाही. व्रण किती ते सांगते. आकडा दहाच्या आत असता तर मी निश्चिंत झालो असतो. साडेअकराच्या वर आहे.”

“चौतीस होता ना,” ती म्हणाली.

“तो वेगळा. तो पेशी किती मरतायत ते सांगतो.”

“मग कमी मरतायत.”

“हो. कारण मरण्यासारख्या कमी उरल्यात.” डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. “चरबी गेलीय, नेनी. पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत दिसत नाही आता. पण चरबी वर होती, खाली व्रण होता. बहुतेक बऱ्याच वर्षांचा. साखर होती, त्यामुळे.”

“चरबी गेली,” तिनं ते शब्द तसेच परत म्हटले. “मग व्रण कधी जातो?”

“नाही जात. ह्या पायरीला आल्यावर नाही.”

बाहेर कुणीतरी खोकलं. इबोया आपल्या टेबलाशी उभी होती. हातातली नळ्यांची पेटी खाली ठेवायची राहून गेली होती.

“मी दर रविवारी बघते,” एतेल्का नेनी म्हणाली. आवाजात अजून समजावणं होतं. एका जाणकारानं दुसऱ्याला सांगावं तसं. “आधी मोठं होतं, मऊ. आता लहान आहे. घट्ट आहे. तुम्ही हात लावून बघा. मी त्यात फसत नाही.”

डॉक्टरांना क्षणभर समजलं नाही ती काय म्हणतेय. मग समजलं.

“बरोबरच लागतंय तुम्हाला,” ते हळू म्हणाले. “लहान झालंय, कारण आकसलंय. आणि घट्ट लागतंय ते त्या व्रणामुळे.”

तिनं आपल्या हाताकडे पाहिलं. उजवा हात मांडीवर होता, तर्जनी वाकलेली. दोन बोटं आपोआप जरा पुढे झाली आणि कोटाच्या जाड कापडावर थांबली.

“हंसात असं होत नाही,” ती म्हणाली.

“हंस तेवढा जगत नाही, नेनी.”

हे इबोया बोलली. तोंडून निघून गेलं. एतेल्का नेनीनं मान वळवून तिच्याकडे पाहिलं, पहिल्यांदाच त्या खोलीत आल्यापासून.

डॉक्टर घाईनं पुढे बोलू लागले. कुणाला तरी करण्यासारखं काहीतरी द्यायला हवं म्हणून. “आता उपास नाही करायचा. उलट. दर तीन तासांनी थोडं थोडं. अंडं, दही, मासे, कोंबडी. झोपण्यापूर्वीही काहीतरी पोटात गेलं पाहिजे, रात्रभर रिकामं ठेवायचं नाही. मांड्या गेल्यात त्यांच्या, त्या भरून यायला हव्यात. भूक नसेल तरी घालायचं.”

“भूक नसेल तरी,” ती म्हणाली.

“हो.”

“किती दिवस?”

“कायम.”

“आणि मग ते परत येतं?”

“नाही. आहे तेवढं टिकावं म्हणून. शहरातल्या लोकांकडे पाठवतो, ते बघतील. पण वय, साखर...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“मी उपाशी ठेवलं त्यानं झालं का हे?”

डॉक्टरांना खोटं बोलता आलं असतं. इबोयाला मनातून वाटत होतं, त्यांनी बोलावं. “व्रण आधीपासून होता,” ते म्हणाले. “इतक्या भराभर वजन गेल्याचा फायदा झाला नाही. किती नुकसान झालं ते मला सांगता येणार नाही. कुणालाच येणार नाही.”

डॉक्टर खाण्याच्या वेळा एका कागदावर लिहू लागले. इबोया वाट बघत होती. आता एतेल्का नेनी म्हणेल: ह्या बाईनं मला सांगितलं होतं, जूनमध्ये, ह्याच टेबलाशी, चालू ठेवा. डॉक्टर वळून बघतील, आणि मग जे होईल ते होईल. ते झालेलं बरं, असं तिला वाटत होतं. तिनं नळ्यांची पेटी टेबलावर ठेवली.

“डॉक्टर, जूनमध्ये तुम्ही नव्हता तेव्हा,” तिनं सुरुवात केली, “कागद मी दिला होता. आणि मी नेनीला म्हणाले होते की—”

एतेल्का नेनी उठली. खुर्ची होती तिथे सरकवली. डॉक्टरांनी पुढे केलेला, खाण्याच्या वेळा लिहिलेला कागद तिनं घेतला आणि घडी न घालता कोटाच्या खिशात सारला. इबोयाच्या टेबलापाशी ती थांबेल असं वाटलं, पण थांबली नाही. इतक्या जवळून गेली की मक्याच्या पिठाचा वास आला. दार उघडलं. बाहेरचं हसणं थांबलं.

“काय म्हणाले?” वेन्देलनं बाकावरून विचारलं. दोन्ही हात बाकावर टेकवून तो उठायचा प्रयत्न करत होता.

ती त्याच्यासमोरून चालत गेली, बाहेरचं दार ढकललं आणि खिशातला कागद मुठीत धरून घराच्या रस्त्याला लागली.